नगरचे फादर बाखर : पाणी आलं, पण कुणाच्या विहिरीला?

कोरडवाहू

मिशनरी हा विषय निघाला की आपल्याकडं भांडण ठरलेलं असतं. एक पार्टी म्हणते बाटवायला आले होते, दुसरी म्हणते मग शाळा-दवाखाने कुणी काढले. पाचव्या प्रतिसादापर्यंत मदर तेरेसा येतात आणि धागा संपतो. म्हणून मुद्दाम अशा माणसावर लिहितोय ज्याचं नाव नगर जिल्ह्याबाहेर फारसं कुणी घेत नाही.

फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडच्या वालिस नावाच्या डोंगराळ भागातले, जन्म १९२४, जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातले. १९४८ ला भारतात आले, म्हणजे इंग्रज गेल्यावर, त्यामुळं 'साम्राज्याबरोबर आले' हा नेहमीचा डायलॉग इथं चालत नाही. पुढचं सगळं आयुष्य मुख्यतः नगर-संगमनेर भागात. नगरला सोशल सेंटर नावाची संस्था उभी केली. सुरुवातीची कामं त्या काळात सगळेच करत होते तीच, विहिरी खोदा, आहेत त्या खोल करा, गटाला कर्ज मिळवून द्या. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा नगर जिल्हा कसा होता ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, माणसं खडी फोडत होती आणि लाल मिलो खात होती.

मग लक्षात यायला लागलं की विहीर खोल करून पाणी वाढत नाही, शेजाऱ्याचं आपल्याकडं येतं एवढंच. पाणी मुरवायचं असेल तर डोंगरमाथ्यापासून खाली यावं लागतं. माथा ते पायथा. आज हे शाळेतल्या पोराला पण माहितीये, पण तेव्हा सरकारी काम म्हणजे नाल्यावर एक बंधारा टाकायचा नि बिल काढायचं. बाखरांनी नाबार्ड (शेती-ग्रामविकासाची सरकारी बँक) आणि जर्मन सरकारला एकत्र आणून १९९२ च्या सुमाराला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू करवला आणि १९९३ ला क्रिस्पिनो लोबोंबरोबर 'वॉटर' ही संस्था काढली (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट). संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाव. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, उन्हाळ्यात टँकर, दिवाळी झाली की माणसं बाहेर. १९९६ ते २००१ काम चाललं आणि गाव ओळखू येईना असं झालं. ते सगळं खरंय, मी जाऊन बघितलंय.

आता माझा मुद्दा. नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज बहुतेक पूर्वाश्रमीचा महार-मांग, आणि बहुतेक भूमिहीन. पाणलोटाचं पाणी मुरतं आणि ज्याची जमीन ओढ्याकाठी त्याच्या विहिरीत निघतं. म्हणजे आयुष्यभर 'गरिबातल्या गरिबासाठी' म्हणून राबलेल्या फादरच्या सगळ्यात मोठ्या कामाचा सगळ्यात मोठा वाटा गेला बागायतदार पाटलाला, आणि रविवारी चर्चमधे समोर बसणारा माणूस रोजंदारीवरच राहिला. मला यात कुणाचा डाव दिसत नाही. पण यावर कुणी बोलत पण नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

विहीरबागायत

लेख आवडला. एक शंका, अण्णा हजारेंचं राळेगण आणि पोपटराव पवारांचं हिवरेबाजार पण नगरचेच. मग हे श्रेय फादरचं का अण्णांचं का पोपटरावांचं? आमच्या जिल्ह्यात पाण्यापेक्षा श्रेयाचे बंधारे जास्त आहेत 😀

---

कोरडवाहू

@विहीरबागायत कुणा एकाचं नाही. राळेगणचं काम सत्तरीच्या मध्यापासूनचं, हिवरेबाजार १९८९-९० नंतरचं, आणि चराईबंदी-कुऱ्हाडबंदी-नशाबंदी-श्रमदान ही सूत्रं सगळीकडं फिरत होती. बाखरांचं वेगळेपण कार्यक्रमाच्या बांधणीत आहे. राळेगणला अण्णा लागतात, हिवऱ्याला पोपटराव लागतात. असा माणूस नसलेल्या गावाचं काय करायचं, याचं उत्तर त्यांनी शोधलं. आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, मग छोट्या तुकड्यावर काम करून हात बसवायचा, मग मोठा पैसा, आणि तो पैसा गावच्या समितीच्या खात्यावर. म्हणून तर ते पुढं पसरलं. १९९९-२००० च्या केंद्रीय बजेटनंतर नाबार्डकडं पाणलोट विकास निधी आला त्यामागं हाच अनुभव होता.

---

सडेतोड_एकदम

सगळं छान छान. पण फुकटात कुणी काही करत नाही हो. आधी पाणी, मग शाळा, मग क्रूस. गळाला आमिष लावल्याशिवाय मासा येत नाही. जर्मनीहून पैसा उगाच येतो का.

---

प्रवरेकाठची

@सडेतोड_एकदम मी त्या 'माशां'पैकी आहे, श्रीरामपूर तालुक्यातली, कॅथलिक, चौथी पिढी. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आमच्या भागात जेझुइट आले ते १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे. त्याच्याही आधी १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन होतं, ते प्रॉटेस्टंट, ना. वा. टिळक वगैरे त्या बाजूचे. लोक हे दोन्ही एकाच पोत्यात भरतात. जामखेडचे दवाखानेवाले डॉक्टर आरोळे पण कॅथलिक नव्हेत, कालच कुणीतरी व्हॉट्सअॅपवर त्यांना फादर करून टाकलं होतं. तर माझ्या पणज्यानं धर्म का बदलला? भुकेसाठी बदलला असेल, शक्य आहे, आणि त्यात मला लाज वाटत नाही. ज्या गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, मेलेलं ढोर ओढायला मात्र हाक यायची, तिथं कुणीतरी घरात येऊन बसतो, पोराला पाटी देतो, हे पण भुकेतच धरा.

आणि मिळालं काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, आम्ही अजून बाहेर. गावात मात्र वस्ती तीच नि वागणूक तीच, चर्चमधे गेलं की जात गेली असं गावाला कुणी सांगितलं नाही. आमिषाचा हिशोब मांडायचा तर हे पण मांडा.

राहिलं जर्मनीचं. तो पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू बँकेतून नाबार्डमार्फत यायचा. चर्चच्या दानपेटीतला नाही. आणि लाभ झालेली गावं बघा, बहुतेक ठिकाणी काम संपल्यावर सप्ताह दणक्यात सुरू झाला, काकड्याला गर्दी वाढली. पाणी आलं की देवळाचा जीर्णोद्धार होतो हे नगरला सगळ्यांना माहितीये.

---

सडेतोड_एकदम

शेवटच्या वाक्याला +१, बाकीवर माझं मत कायम.

---

आल्प्सवरून

मी ल्युसर्नला असतो म्हणून एक गंमत सांगतो. बाखर जेझुइट झाले त्या काळात त्यांच्या स्वतःच्या देशात जेझुइटांवर घटनेतच बंदी होती. शाळा आणि चर्चमधे काम करायला मनाई. ती बंदी गेली १९७३ च्या सार्वमतात. म्हणजे संगमनेरात उघडपणे काम करता येत होतं आणि मायदेशी कायद्यानं येत नव्हतं. 'आपल्या देशात बघा की आधी' म्हणणाऱ्यांना तिथल्या सरकारनं आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं 😀

दुसरं म्हणजे वालिस. आपल्याला स्वित्झर्लंड म्हटलं की हिरवं कुरण नि गाई दिसतात, पण वालिसचं खोरं या देशातलं सगळ्यात कोरडं. तिथं कितीतरी शतकांपासून डोंगराच्या कडेला कोरून, कुठं लाकडी पन्हळ लटकवून हिमनदीचं पाणी शेतापर्यंत आणलेले पाट आहेत. त्यांची साफसफाई गावानं मिळून करायची, पाण्याची पाळी ठरलेली, पाळी मोडली की दंड. धुळे-नाशिकची फड पद्धत आठवते का, जवळपास तसंच. बाखरांना त्यातून सुचलं असा माझा दावा नाही. पण पाणी हे गावानं मिळून सांभाळायचं असतं हे त्यांना नगरला येऊन कळलं असेल असं वाटत नाही.

---

माजी_पाणलोटकर

नव्वदीच्या शेवटी मी या कार्यक्रमात एका संस्थेकडून फील्डवर होतो (संस्थेचं नाव सोडा). धागाकर्त्याच्या मुद्द्यावर येतो, पण आधी काम कसं व्हायचं ते, कारण पाणलोट म्हणजे जेसीबी नि फोटो असं झालंय आता.

आम्ही नेट प्लॅनिंग म्हणायचो. गटनंबर घ्यायचा आणि त्या गटाच्या मालकाला त्याच्याच शेतात उभं करायचं, नवरा-बायको दोघांना, हा नियम होता, नुसता नवरा आला तर परत. का, तर नवरा सांगतो बांध टाका आणि बायको सांगते इथं पावसात किती पाणी फुटतं, कुठनं माती वाहून जाते, कारण खुरपायला तीच असते. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधलेली, नळीत पाणी, एक माणूस इकडं एक तिकडं, दोन्हीकडं पाण्याची रेघ एका उंचीला आली की फक्की टाकायची, ती झाली समतल रेषा, तिच्यावर चर. हे करताना निम्मा वेळ भांडणं मिटवण्यात जायचा, कारण समतल रेषेला सातबारा कळत नाही, ती सरळ भावकीच्या बांधातनं जाते. एका ठिकाणी दोन सख्खे भाऊ बोलत नव्हते, मधला बांध कोरत कोरत वीतभर राहिलेला, तिथं चर कुणाच्या बाजूला याच्यावर उन्हात बसून राहिलो आम्ही, शेवटी त्यांची आई आली आणि तिनं स्वतः फक्की ओढली. नकाशावर त्या गटापुढं 'सहमती' असं लिहिलं मी.

आता भूमिहीन. नियमात त्यांचा विचार होता हे सांगायला पाहिजे. श्रमदान मजुरीच्या साधारण १६ टक्के धरायचे, त्यातून भूमिहीन आणि एकट्या बाईचं घर वगळलेलं. समितीत त्यांचा माणूस घ्यायचा, बाईमाणूस घ्यायची. बचत गट, त्यावर गावची संयुक्त महिला समिती. काम चालू असेपर्यंत चार-पाच वर्षं गावातच मजुरी, कोयता खाली ठेवला लोकांनी, पोरांची शाळा मोडली नाही. पुढं बागायत वाढली की खुरपणी-काढणीला रोज वाढतो. एवढं मिळालं. मालकी नाही मिळाली. मालकी कुठल्याच पाणलोटात मिळत नाही, कारण जमीन वाटणं हे फादरच्या हातातलं काम नव्हतं, ते सरकारनं पण नीट केलं नाही.

---

शेळीवाला_राव

माजी_पाणलोटकर साहेब सगळं गोड लिवलं. चराईबंदीचं लिवा की.

आमचं घर धनगराचं. गावचं नाव सांगत नाय, भांडणं नकोत. डोंगर बंद केला, कागदावर सगळ्या गावाच्या सह्या, आमच्या म्हाताऱ्याचा अंगठा पण आहे त्याच्यावर, पण सभेत कोण बोलणार. ज्याला दोन म्हशी नि मळा त्याचं काय जातंय, म्हशी गोठ्यात खातात. शेरडं-मेंढरं काय गोठ्यात बांधायची? निम्मी विकली एका हंगामात, सगळ्यांनीच काढली म्हणून बाजारात भाव पडलेला. चार वर्षांनी डोंगर हिरवा झाला हे खरंय, नाय म्हणत नाय, पण तवर आमच्याकडं खायला तोंडंच राहिली नव्हती. फोटो काढायला पाव्हणे यायचे तेव्हा आम्हाला पण उभं करायचे, फेटा बांधून.

---

कोरडवाहू

@शेळीवाला_राव हेच पाहिजे होतं धाग्यावर. दरेवाडीतसुद्धा मेंढपाळांचा विरोध होता आणि मग डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं, असं तिथं ऐकलं. तुमच्याकडं तसं झालं नाही का?

---

पुरंदरचा_पाणीवाला

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आमच्या तालुक्यात एका माणसानं दिलं होतं आणि तो फादर नव्हता. विलासराव साळुंखे, पाणी पंचायत, नायगाव. तोच बहात्तरचा दुष्काळ. नियम काय तर पाणी जमिनीवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळणार. भूमिहीनाला पण पाण्यात हक्क. ऊस बंद. म्हणजे ज्याच्याकडं जमीन नाही तो आपला पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याशी बटईचा व्यवहार करू शकतो.

तर मग ते का पसरलं नाही आणि बाखरांचं का पसरलं? माझं मत स्पष्ट आहे, वाईट वाटू देऊ नका. बाखरांच्या पद्धतीत गावातल्या बड्याला काही सोडावं लागत नव्हतं, त्याच्या विहिरीला पाणी वाढतच होतं, म्हणून तो आडवा आला नाही. साळुंख्यांच्या पद्धतीत त्याला ऊस सोडावा लागत होता. नाबार्डला आणि जर्मनांना पसरणारी योजना पाहिजे होती, ती त्यांना मिळाली.

---

माजी_पाणलोटकर

@पुरंदरचा_पाणीवाला बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. परदेशी फादर गावात जमिनीच्या वाटपावर किंवा पाण्याच्या हक्कावर बोलला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. वरचे सडेतोड साहेब नुसत्या बांधबंदिस्तीवर एवढं बोलतायत. २०२१ मधे दोन जेझुइट गेले. बाखर स्वित्झर्लंडमधे वारले, वय पंच्याण्णवच्या पुढं, पेपरात आतल्या पानावर चार ओळी. स्टॅन स्वामी मुंबईला कोठडीत असताना हॉस्पिटलात वारले. एकानं माती अडवली, दुसरा झारखंडात आदिवासींच्या जमिनीच्या हक्कावर बोलत राहिला. कशाला किती सहन केलं जातं ते यात दिसतं.

---

सडेतोड_एकदम

आला राजकारणाचा वास. चालू द्या.

---

प्रवरेकाठची

मला पुरंदरकरांचा मुद्दा पटला पण 'भूमिहीनांना काही मिळालं नाही' हे अर्धवट आहे. आम्हाला मिशनकडून पाणी मिळालंच नव्हतं कधी, बोर्डिंग मिळालं. माझी आत्या सातवीला असताना सिस्टरांनी तिला बोर्डिंगला नेलं, आजीचं म्हणणं होतं पोरगी गेली तर खुरपायला कोण येणार, कारण तेव्हा हरेगावच्या कारखान्याच्या उसात दोघी मिळून जायच्या. सिस्टर पायरीवर बसून राहिली म्हणे, आजीनं हो म्हणेपर्यंत उठली नाही. बोर्डिंगमधे पहाटे उठून झाडलोट, भाजी निवडणं, मार पण बसायचा, आत्या काही त्याची आरती ओवाळत नाही. पण ती नर्स झाली, पुण्याला गेली, मागोमाग आमच्या घरातली पाचसहा जण निघाली. आज आमच्या वस्तीतली निम्मी घरं कुलूपबंद, हरेगावच्या मतमाउलीच्या (मेरीमातेच्या) यात्रेला सप्टेंबरमधे उघडतात.

त्यामुळं मला नेहमी वाटतं की फादर लोकांची एक टीम गाव राहण्यासारखं करत होती आणि सिस्टर लोकांची टीम आमच्यासारख्यांना गावातनं बाहेर काढत होती, एकाच कंपाउंडमधे राहून. आणि नाव होतं बाखरांचं, सिस्टरांची नावं आम्हाला पण धड आठवत नाहीत. त्या मंगळूरच्या, केरळच्या, काही आमच्यातल्याच. इंजेक्शनची पेटी घेऊन वस्तीवर यायच्या त्यांना सगळे नुसतं 'सिस्टर'च म्हणायचे. धाग्यात कुणाला वगळलं हे बघायचंच असेल तर हे पण बघा.

---

कांदेबहाद्दर

उशिरा आलोय. पाणलोट झालेल्या गावातला शेतकरी आहे, आता मळा आहे म्हणून सगळे मला पाटील समजून शिव्या देतील, द्या.

२००२-०३ च्या दुष्काळात आमच्या विहिरीला पाणी होतं, शेजारच्या गावाला टँकर. तेव्हा फादरचं नाव काढल्याशिवाय दिवस जात नव्हता. मग काय झालं तर पाणी दिसलं की बोअर. पहिल्यांदा दोनशे फूट, मग चारशे, आता पाचशेच्या खाली. ज्वारी-बाजरी गेली, कांदा आला, डाळिंब आलं, शेततळी आली, शेततळ्यात विहिरीचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, म्हणजे डोंगरानं मुरवलेलं पाणी आम्ही वर काढून वाफ करतो. बोअरबंदीचा ठराव समितीनं केला होता. समितीतल्याच माणसांनी मोडला, रात्रीत मशिन आणून. पाणी आणायची शिस्त आम्हाला लावली, पाणी वापरायची लागलीच नाही, आणि ते काम बाहेरचा कुणी फादर येऊन करणार पण नाही. चर पण भरत आलेत आता, गाळ कोण काढतो.

---

विहीरबागायत

@कांदेबहाद्दर देखभालीचा निधी असतो ना समितीकडं?

---

कांदेबहाद्दर

होता. बँकेत आहे म्हणतात. सहीचे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

---

कोरडवाहू

चर्चा चांगली झाली. एक राहिलं. डोंगर बंद केल्यावर आत जे गवत वाढतं ते कापून न्यायला परवानगी असते, चरायला नाही. तर हे गवत कुणाला मिळायचं? भूमिहीनाला खरंच काही मिळालं की नाही याचा हिशोब मला वाटतं तिथं लागेल. @माजी_पाणलोटकर @शेळीवाला_राव सांगा.

---

माजी_पाणलोटकर

ठरवायचं गावानं. मी काम केलं त्यातल्या एका गावात भूमिहीन घरांना पहिले आठ दिवस फुकट, नंतर बाकीच्यांना पैसे भरून, आणि तो पैसा देखभाल निधीत. हे चाललं कारण तिथल्या महिला समितीची अध्यक्ष स्वतः भूमिहीन होती आणि आवाज मोठा होता बाईचा. दुसऱ्या गावात सरळ लिलाव झाला, दूधवाल्यांनी घेतला. कागदावर दोन्ही गावं सारखीच यशस्वी.

---

शेळीवाला_राव

आमच्याकडं भाऱ्याला पावती. पावती फाडायला समितीचा सेक्रेटरी बसायचा डोंगराच्या वाटंवर, खुर्ची टाकून. त्याला स्वतःला तीन विहिरी. आमच्या आईनं एक दिवस पावती न फाडता भारा आणला तर दंड लावला, पुढच्या ग्रामसभेत नाव वाचलं. आणि फादरला सांगायचं तर फादर कुठं भेटतो, ते आले की सेक्रेटरीच्या ओट्यावरच चहा व्हायचा.